माझ्या नावाचं औषध

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. तो मला वडिलांकडून मिळाला. बाबा केंद्र सरकारच्या एका कचेरीत दक्षता विभागात कारकून होते. आमचं बालपण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं आणि त्या घरात दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत कोणावरही सरसकट विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. दूध आलं की बाबा आधी पातेल्यात बोट बुडवायचे, मग दूधवाल्याच्या तोंडाकडे बघायचे. दुधापेक्षा तोंडावरून जास्त कळतं, असं त्यांचं मत होतं. मीही तशीच झाले. कोणी फार गोड बोलायला लागलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, ह्याचं काय अडलंय?

त्यामुळे कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या केमिस्टने एका सकाळी काउंटरवरून वाकून, अगदी हळू आवाजात मला विचारलं, "भाभीजी, अब घबराहट कैसी है?" तेव्हा माझे कान टवकारले. मी मुलीच्या खोकल्याचं औषध घ्यायला गेले होते. मला कसली आलीय घबराहट? आयुष्यात घाबरले असेन तर एकदा गणिताच्या पेपरला.

"किसकी घबराहट?" मी विचारलं.

आजारी माणूस आजार नाकारायला लागला की शहाणे लोक जसे बघतात, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. "कोई बात नहीं, भाभीजी. दवाई टाइम से लेती रहिए," एवढंच म्हणाला आणि खोकल्याची बाटली कागदात गुंडाळताना मान हलवत राहिला. मी बाटली घेतली आणि घरी आले, पण मनात पाल चुकचुकली होती.

आम्ही तेव्हा पोलिसांच्या कॉलनीत राहत होतो. दिल्ली जिथे संपते आणि गुडगाव सुरू होतं, त्या बाजूला. समोर कालपरवापर्यंत मोहरीची शेतं होती. आता तिथे काचेच्या इमारती उठत होत्या आणि संध्याकाळ झाली की मानेसरच्या कारखान्यांच्या बसेस कामगारांना घेऊन धूळ उडवत जायच्या. माझा नवरा सब-इन्स्पेक्टर. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून तो कलेक्टर व्हायला दिल्लीला आला, मुलाखतीपर्यंत जाऊन मागे फिरला आणि शेवटी पोलिसात लागला. दिल्लीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला तो बरोबर माझ्या शेजारी येऊन उभा राहायचा. बाबांनी त्याचीही रीतसर चौकशी केली होती. "पोलीस आहे, म्हणजे आपल्यासारखाच संशयी असणार. पटेल तुमचं," असं म्हणून त्यांनी परवानगी दिली.

बाबांचा अंदाज साफ चुकला. हा माणूस जराही संशयी नव्हता. भाजीवाला 'ताज़ी है' म्हणाला की हा पिशवी पुढे करायचा. चोराने 'मी नव्हतो' म्हटलं तर ह्याला आधी वाटायचं, नसेलही. घरातली पोलीस मीच होते, आणि त्यावरून तो मला चिडवायचा. "तुला घेऊन जातो ठाण्यात, तू नुसतं बघितलंस तरी कबूल होतील," म्हणायचा.

हे सगळं बदललं ते एका हिवाळ्यातल्या नाकाबंदीनंतर. लग्नसराईचे दिवस होते. नवा रस्ता, नव्या गाड्या, आणि नवीन पैसा हातात आलेली पोरं. ह्याने काळ्या काचांची एक लांब गाडी बॅरिकेडपाशी थांबवली. आतून लग्नाला निघालेले तरुण उतरले, आणि मागच्या गाड्यांतूनही उतरले. एकाने ह्याच्या गळ्यात मागून हात घातला, बाकीच्यांनी पुढून मारलं. खाली पडल्यावरही मारलं. त्याची टोपी कोणीतरी डोक्यावर घालून बँडच्या ठेक्यावर नाचला म्हणे. हे मला नवऱ्याने सांगितलेलं नाही. त्याच्या बरोबरच्या हवालदाराने सांगितलं, तेही जमिनीकडे बघत, कारण तो पळाला होता.

भुवईवर टाके पडले, बरगडीला तडा गेला. दुसऱ्या दिवशी खात्यातून घरी फोन आला. मी उचलला. वाटलं, चौकशी करतायत, चांगली माणसं आहेत.

"मॅडम, साहब की टोपी मिली क्या?" पलीकडच्या आवाजाने विचारलं.

टोपी सरकारी. ती हरवली तर खुलासा द्यावा लागतो. बरगडी खासगी होती, तिच्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. मग त्या पोरांचे काका-मामा मिठाईचा डबा घेऊन आले. बच्चे हैं, गलती हो गई, वगैरे. वरच्या साहेबांनी ह्याला बाजूला घेऊन सांगितलं, मिटवून टाक, पुढे नोकरी करायची आहे. ह्याने मिटवलं. मी तो डबा जिन्यावरून खाली भिरकावला.

"क्या गिरा, बहू?" खालच्या मजल्यावरच्या चाचीने ओरडून विचारलं.

"इज़्ज़त," मी वरून म्हटलं आणि दार आपटलं.

टाके निघाले आणि हा पुन्हा ड्युटीवर जायला लागला. बाहेरून सगळं पूर्वीसारखं. पण घरात त्याने आपली खुर्ची भिंतीला लावून घेतली, दाराकडे तोंड करून. जेवायलाही तिथेच. बेल वाजली की आधी पडद्याच्या फटीतून बघायचा. केबलवाल्याला त्याने एकदा एवढे प्रश्न विचारले की तो बिचारा पुढच्या महिन्यापासून यायचाच बंद झाला. पहिल्यांदा तर मला गंमत वाटली. चला, आला हा माणूस आमच्या वळणावर, असं म्हटलं. पण माझा संशय हा माझा विरंगुळा होता. मी संशय घ्यायचे आणि रात्री छान झोपायचे. ह्याचा संशय ह्याला खात होता. मला त्याची काळजी वाटत होती, आणि काळजी वाटली की मी चिडते, म्हणून मी दिवसभर चिडचिड करत होते.

एका रविवारी मुलीला स्वेटर घ्यायला आम्ही सरोजिनी नगरच्या बाजारात गेलो. माझं माहेरच ते, गर्दीत कसं घुसायचं हे मला शिकवावं लागत नाही. मी एका ढिगातून स्वेटर उपसत होते. मागून एक पिशव्या विकणारा आला आणि त्याने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाईसाहब, थैला?" एवढंच म्हणाला तो.

पुढच्या क्षणाला तो माणूस दुकानाच्या शटरला चिकटलेला होता आणि नवऱ्याचा एक हात त्याच्या गळ्यावर आडवा होता. दुसरा हात स्वेटरखाली, कमरेपाशी गेलेला. तिथे काय असतं ते मला माहीत होतं. मुलगी रडायला लागली, "पापा, छोड़ो ना, पापा." गर्दी मागे सरली. मी त्याचं मनगट धरलं, तर ते दगडासारखं घट्ट होतं. मग हळूहळू सैल झालं. त्या विक्रेत्याच्या पिशव्या गोळा करून दिल्या आणि आम्ही ऑटोत बसलो.

मी मुलीला मांडीवर घेतलं. मग तो म्हणाला, "मागून आला तो." तेवढंच. नंतर तो विषय काढला की तो उठून जायचा.

केमिस्टची ती चौकशी ह्यानंतरची. आणि एकदा कान टवकारल्यावर मला बाकीचंही दिसायला लागलं. कॉलनीतल्या बायका माझ्याशी हळू बोलत होत्या. ह्या त्याच बायका, ज्या पाण्याच्या टँकरपाशी माझ्याशी हंड्यावरून भांडायच्या. आता मी गेले की "आप बैठो जी, हम भर देंगे" म्हणायच्या. कीर्तनाला जाणाऱ्या एका बाईने माझ्या मनगटाला न विचारता गंडा बांधला. जिन्यात मुलं दंगा करत असली की त्यांच्या आया दटावायच्या, "आंटी को तंग मत करो, उनकी तबियत ठीक नहीं." एवढा चांगुलपणा मी कधी कमावला होता? कुठेतरी पाणी मुरत होतं.

सगळ्यात जास्त संशय मला चाचीचा होता. खालच्या मजल्यावर जिन्याला लागूनच तिचं दार. तिचे यजमान खात्यातच होते. पिस्तूल साफ करताना गोळी सुटली आणि गेले, असं कॉलनीत सांगत. त्यांच्या जागी मुलाला नोकरी लागली, म्हणून क्वार्टर राहिलं. बाहेरच्या खोलीत वर्दीतला फोटो, त्याला चंदनाचा हार. ही चाची रोज संध्याकाळी दार बोटभर उघडून उभी राहायची. माझा नवरा जिना चढायला लागला की त्या फटीतून त्याच्या कमरेकडे बघायची. तोंडाकडे नाही, कमरेकडे. मग दार बंद. हे मी वरून कठड्याला टेकून कितीतरी वेळा पाहिलं होतं. एवढी चोंबडी बाई मी दिल्लीत दुसरी पाहिली नव्हती.

आणि मला भेटली की तिचा एकच प्रश्न. "बहू, तेरा आदमी पिस्तौल कहाँ रखता है?"

कशाला हव्यात हिला असल्या चौकशा? मुलगा वाईट संगतीला तर लागला नाही? एकदा मी ठणकावून खोटं सांगितलं, "थाने में." तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि नुसतं 'च्च' केलं. खोटं तिला पचलं नव्हतं. पिस्तूल आमच्या कपाटावर, जुन्या चादरीच्या घडीत असायचं, आणि ते तिला कळलं असावं असं मला उगाच वाटत राहिलं. त्यात एका दुपारी मी वरून उतरत होते, तर जिन्याच्या वळणावर नवरा आणि चाची खालच्या आवाजात काहीतरी बोलत उभे. माझी चप्पल वाजली तशी दोघं गप्प झाली. "अच्छा चाची," म्हणून हा वर निघून आला.

बाबांची मुलगी मी. सगळे धागे जोडले आणि माझ्यापुरता निकाल लावला. हा माणूस मला वेडी ठरवतोय. केमिस्ट सामील, चाची सामील, टँकरवाल्या बायका साक्षीदार. बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय असं दाखवता आलं की घटस्फोट सोपा जातो, हे मला ऐकून माहीत होतं. मग दुसरी कोणी आहे का, ते बघितलं. शर्टांचे वास घेतले. नुसता घाम आणि डिझेलचा धूर. बूटपॉलिशच्या खोक्यात मात्र, ब्रशाच्या खाली, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं सापडली.

मी तडक केमिस्टकडे गेले. "मेरे डॉक्टर कौन हैं?" असं विचारलं. त्याला वाटलं असणार, बाईचं दुखणं वाढलंय. त्याने अत्यंत प्रेमाने मला पत्ता समजावून सांगितला.

दवाखाना नव्या मार्केटमध्ये होता, ब्यूटी पार्लर आणि कॉम्प्युटर क्लासच्या मध्ये. जिन्याला अजून कठडा बसवलेला नव्हता. रिसेप्शनवरच्या मुलीला मी माझं नाव सांगितलं. तिने मान वर केली, दचकली आणि म्हणाली, "आप? आप ख़ुद?" मग धावत आत जाऊन सांगून आली.

डॉक्टर वयस्क होते, टकले, चहात बिस्किट बुडवत बसलेले. "आइए," म्हणाले. "तो आप हैं."

"मैं पागल नहीं हूँ," मी म्हटलं. म्हटल्यावर लक्षात आलं की ह्या खोलीत येणारा प्रत्येक जण हेच म्हणत असणार. त्यामुळे मी आणखी संतापले.

डॉक्टरांनी बिस्किट संपवलं. मग शांतपणे म्हणाले, "आपके पति बताते हैं, आप हमेशा दरवाज़े की तरफ़ मुँह करके बैठती हैं. घंटी बजे तो पर्दे से झाँकती हैं. बैंड-बाजे की आवाज़ आए तो खिड़कियाँ बंद कर देती हैं. और पीछे से कोई छू ले, तो अपने बस में नहीं रहतीं."

मी भांडायला गेले होते. तोंडात शब्द तयार होते, आणि माझ्याकडे ते नेहमीच पुष्कळ असतात. पण ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि डोळ्यांपुढे शटरला चिकटलेला तो पिशव्यांचा माणूस आला. खिडक्या कोण बंद करतं, खुर्ची कोणाची भिंतीला लागलेली आहे, तेही आलं. मी समोरच्या खुर्चीत बसले.

"आपको पता था?" मी विचारलं.

"आपकी कॉलोनी की बहुत औरतें मेरी मरीज़ हैं, मैडम. सबको घबराहट है, किसी को नींद नहीं आती. आज तक एक भी ख़ुद नहीं आई. सबके पति आकर हाल बता जाते हैं."

"और आप दवा दे देते हैं?"

"ज़्यादा नहीं देता. न दूँ, तो आना ही छोड़ देंगे." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "लेकिन ऐसे इलाज नहीं होता. अगली बार दोनों आइए. मरीज़ आप ही रहिए, मुझे कोई दिक़्क़त नहीं. बस उन्हें इस कमरे में बैठाइए."

संध्याकाळी नवरा भिंतीला टेकून बूट घासत बसला होता. मुलगी शेजारी टीव्ही बघायला गेली होती. मी पॉलिशच्या खोक्यातून गोळ्या काढून त्याच्या पुढ्यात टाकल्या.

"मला कधीपासून वेड लागलंय?"

त्याचा ब्रश थांबला. खोटं बोलायला त्याला कधी जमलंच नाही, आणि तेव्हाही जमलं नाही. "खात्यात कळलं तर पहिलं काम म्हणजे पिस्तूल काढून घेतात," तो म्हणाला. "मग पोलीस लाइनीत नेऊन बिनकामाचं बसवतात. लोक पाठीमागे डोक्यापाशी बोट फिरवतात. सगळे असंच करतात गं. बायकोच्या नावावर घेतात."

"आणि माझ्या पाठीमागे बोट फिरवलेलं चालतं?"

"तुझं काय जातंय यार? तुला कुठे नोकरी करायची आहे?"

तो 'यार' ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातातला बूट हिसकावून मी भिंतीवर मारला. काळा डाग पडला, क्वार्टर सोडेपर्यंत तो तिथेच होता. "माझं नाव जातंय! बायका मला गंडे बांधतायत! टँकरपाशी कोणी माझ्याशी भांडत नाही! मला वाटलं तू मला सोडायला निघालायस!"

तो खाली बघत होता. एका पायात मोजा, एक पाय उघडा. "माझ्याकडे दुसरं कोणाचं नाव नव्हतं," तो म्हणाला.

असं काही बोलतात का? त्याने रागाला जागाच ठेवली नाही, म्हणून मला आणखी राग आला, आणि मग रडू आलं. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "नाव वापर. पण तू माझ्याबरोबर येऊन बसायचं. नाहीतर मी सरळ तुझ्या साहेबांकडे जाते." मी जाऊ शकते, हे त्याला माहीत होतं.

दोन दिवसांनी दुपारी दवाखान्यात आम्ही तिघं बसलो. नवऱ्याने आत शिरताच आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली. डॉक्टरांनी ते बघितलं. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, ते माझ्याकडे बघून, आणि उत्तरं दिली नवऱ्याने, तीही माझ्याबद्दल. बाहेरच्या कोणी ऐकलं असतं तर हसून मेलं असतं.

"भूख लगती है इन्हें?"

"कम. खाते-खाते उठ जाती हैं."

"ग़ुस्सा?"

"ग़ुस्सा तो पहले से था," तो म्हणाला आणि जरासा हसला. मीही हसले. कितीतरी दिवसांनी आम्ही एकाच गोष्टीला हसलो.

"उस दिन की कौन-सी बात बार-बार याद आती है?"

खाली मार्केटात कोणीतरी ग्रिल कापत होतं, कटरचा आवाज येत होता. "मार नहीं," तो म्हणाला. "इन्हें याद आता है कि सामने बसें रुकी हुई थीं. फ़ैक्टरी की. खिड़कियों में सब लोग थे. सब देख रहे थे. इन्हें अब हर आदमी में वही आदमी दिखता है, जो खिड़की से देख रहा था."

एवढे दिवस मी समजत होते की ह्याला मारणाऱ्यांचा धाक आहे. त्याला न मारणाऱ्यांचा होता. त्यात केबलवाला आला, पिशवीवाला आला, टोपी विचारणारे आले. मीही त्यात आहे का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण मी विचारलं नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पुढचा प्रश्न त्यांनी माझ्याकडे बघून विचारला, पण आवाज त्याच्यासाठी होता. "कभी ऐसा हुआ, कि इनके मन में अपनी जान लेने की बात आई हो?"

मी मान हलवून 'नाही' म्हणणार होते. खरं तेच होतं. मला असलं कधी सुचलंही नव्हतं.

"जी," नवरा म्हणाला. "दो बार."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांकडेही नाही. तो दाराकडे बघत होता. कोणत्या दोन वेळा? मी स्वयंपाकघरात होते का? मुलगी घरात होती का? कपाटावरची चादरीची घडी, जिला मी दर शनिवारी धूळ झटकायला हात लावायचे, ती मला त्या खोलीत दिसायला लागली.

डॉक्टर माझ्या उत्तराची वाट बघत होते. मरीज़ मी होते.

"हाँ," मी म्हटलं. "दो बार."

मग डॉक्टर नवऱ्याकडे वळले. आवाज एकदम कडक. "तो फिर घर में हथियार नहीं रहेगा. आज से नहीं रहेगा. ड्यूटी ख़त्म, पिस्तौल थाने में जमा. थाने में कहिए, बीवी की हालत ठीक नहीं, घर पर हथियार रखना ख़तरा है. कोई आपसे एक सवाल नहीं पूछेगा. और इन्हें अकेला मत छोड़िए."

"मेरी पिस्तौल..." नवरा म्हणाला.

"इनके लिए," डॉक्टर म्हणाले.

त्याने कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "इनके लिए कर दूँगा."

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. ठाण्यातल्या साहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही. "घर पहले, भाई," म्हणाले, पाठीवर हात ठेवला, चहा पाजला. बरगडीला तडा गेला तेव्हा ज्यांनी टोपी विचारली, त्यांनी बायकोच्या वेडासाठी डोळ्यांत पाणी आणलं. ह्याचा मला राग यायचा तो अजून येतो. आता म्हणे खात्यात समुपदेशनाची भाषणं होतात, लाज बाळगू नका असं सांगतात. चांगलं आहे. भाषणानंतर पिस्तूल कोणाचं काढून घेतात, ते मात्र मी विचारून घेईन.

तो बरा झाला, हे इथेच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागायचा. वेळ लागला, मध्ये पुन्हा बिघडलं, औषधं बदलली. दवाखान्यात आम्ही कित्येक महिने जात राहिलो. आता तो निवृत्त आहे आणि नोएडाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत जास्वंदीशी बोलत बसतो. बँड वाजला की अजूनही खिडकी लावतो. ती मी लावू देते.

पण मला सांगायची आहे ती पिस्तूल जमा केल्याची पहिली संध्याकाळ. बातमी माझ्या आधी कॉलनीत पोचली होती. आता मी नुसती घाबरी राहिले नव्हते, जिवाचं बरंवाईट करून घेईल अशी बाई झाले होते. दुपारपासून बायका पाळीपाळीने येऊन बसल्या. माझ्याच घरात मला एकटं सोडेनात. मी संडासात गेले तरी एक जण बाहेर उभी राहून 'जय माता दी' म्हणत होती. शेवटी चाची आली आणि तिने बाकीच्यांना घरी पाठवलं.

मी भाजी चिरायला घेतली, तशी तिने माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि स्वतः भेंडी चिरायला बसली. मग माझं डोकं सटकलंच. "चाची, मुझे कुछ नहीं हुआ है," मी म्हटलं. "छुरी दो."

"पता है," ती म्हणाली. सुरी दिली नाही. भेंडी चिरत राहिली. "डॉक्टर का पता मैंने ही तेरे आदमी को दिया था. नाम वाली बात भी मैंने बताई."

ते जिन्यातलं कुजबुजणं माझ्या लक्षात आलं.

"तू नई थी, तुझे किसी ने बताया नहीं," ती म्हणाली. "तेरे आने से पहले इस कॉलोनी में पागल मैं थी."

तिने चिरलेली भेंडी ताटलीत सारली. हात स्थिर होते. आवाजही. "दवाई मेरे नाम की आती थी, खाते वो थे. मैं ख़ुश थी कि दवाई खा रहे हैं. पिस्तौल का मैंने नहीं सोचा." मग थोडं थांबून म्हणाली, "साफ़ नहीं कर रहे थे, बहू."

मी, जिला सगळ्यांत काहीतरी काळंबेरं दिसतं, तिला रोज डोळ्यांपुढे उघडणाऱ्या त्या दारामागे हे दिसलं नव्हतं. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि भेंडीची देठं खुडायला लागले. ती नको म्हणाली नाही.

अंधारायच्या आधी ती आपल्या घरी खाली गेली. मी नेहमीसारखी कठड्याला टेकून उभी राहिले. फाटकापाशी त्याची मोटारसायकल वाजली. खाली चाचीचं दार बोटभर उघडलं. तो जिना चढायला लागला. तिने फटीतून त्याच्या कमरेकडे पाहिलं. पट्ट्याला पिस्तुलाचं कातडी पाकीट रिकामं लटकत होतं.

त्या दिवशी तिने दार लगेच लावलं नाही. पुरतं उघडलं, बाहेर येऊन उभी राहिली, आणि तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.